काउंटीने खुली केलेली पत्त्यांची यादी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर सरसकट चढवता येते का?

चढवता येते. जेओएसएम या नकाशा-संपादनाच्या प्रोग्राममध्ये फाइल उघडायची, कॉलम नकाशाच्या टॅगांना (माहितीच्या रकान्यांना) जुळवायचे, अपलोड दाबायचं. एका दुपारचं काम. मग आठवड्याभरात कोणीतरी ते सगळं रिव्हर्ट करेल, म्हणजे उलटवेल, आणि त्याला कोणी नावं ठेवणार नाही. पण मी लिहायला बसले ती तुमच्या प्रश्नाच्या शेवटच्या ओळीमुळे. यादी न्यू जर्सीतली आहे आणि तुम्ही विचारताय, ‘सिटीच्या कॉलममध्ये टाउनशिपचं नाव आहे, तेच राहू दिलं तर चालेल ना?’

नाही चालणार. अजिबात नाही.

तुम्ही इथेच राहता, त्यामुळे इझलिनला स्वतःची नगरपालिका नाही हे तुम्हाला ठाऊक असेल. कायद्याने ते वुडब्रिज टाउनशिपमध्ये, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या हद्दीत, मोडतं. पण ०८८३० या झिप कोडमधल्या (म्हणजे तिथल्या पिनकोडमधल्या) घरांना येणाऱ्या पाकिटांवर इझलिनच असतं. प्रिन्स्टन जंक्शन म्हणजे वेस्ट विंडसर, ०८८७३ चं सॉमरसेट म्हणजे फ्रँकलिन टाउनशिप. आणि फ्रँकलिन टाउनशिप म्हणावं, तर त्या नावाच्या टाउनशिप राज्यात चार आहेत, चार वेगळ्या काउंट्यांमध्ये. आता सांगा, नवख्या माणसाने शोधायचं काय?

आमचा लहानसा गट आहे, मध्य जर्सीतला. आम्ही असंच एका खुल्या यादीवरून पत्ते घालत होतो, पण वस्तीवस्तीने. शनिवारी लायब्ररीत बसायचं, एक वस्ती घ्यायची, हवाई छायाचित्रावर प्रत्येक ठिपका घराच्या छपरावर आहे की नाही ते बघायचं, मग संध्याकाळी फिरायला जाताना स्ट्रीटकम्प्लीट या मोबाइल अ‍ॅपवर दारावरचे आकडे पडताळायचे. हे पडताळणं हौसेचं नव्हतं. यादीत अनेक ठिपके जमिनीच्या तुकड्याच्या मधोमध होते. छोट्या प्लॉटवर त्याने बिघडत नाही, पण मोठ्या शेताचा पत्ता मक्यात जाऊन पडतो, आणि अपार्टमेंट संकुलाचे सगळे पत्ते एकाच जागी एकावर एक. शिवाय सगळं कॅपिटलमध्ये आणि संक्षेपात. ओपनस्ट्रीटमॅपला पूर्ण शब्द लागतात. एसटी म्हणजे स्ट्रीट, पण नावाच्या सुरुवातीला असेल तर सेंट. डीआर म्हणजे ड्राइव्ह, नाहीतर डॉक्टर. मार्टिन लूथर किंग यांच्या नावाच्या रस्त्यांवर कधीकधी दोन्ही एकदम. स्क्रिप्टवर भरवसा ठेवलात तर सेंट मार्क्सचं स्ट्रीट मार्क्स होतं. सिटीमध्ये आम्ही टपालाचं नाव घातलं होतं आणि तसं ठरवून ओपनस्ट्रीटमॅपच्या विकीच्या पानावर लिहूनही ठेवलं होतं.

एके दिवशी दुसऱ्या राज्यातल्या एका गृहस्थांनी स्क्रिप्ट चालवून ती सगळी नावं टाउनशिपच्या नावांनी बदलली. चेंजसेटवर (एकदम चढवलेल्या बदलांच्या गठ्ठ्यावर) शेरा काय, तर ‘दुरुस्ती’. आम्ही विचारलं तर म्हणाले, इझलिन नावाचं शहर अस्तित्वातच नाही. अहो, तिथे मेट्रोपार्कला रोज गाड्या थांबतात, पोस्ट ऑफिस आहे, ओक ट्री रोडवर निम्म्या ईशान्य अमेरिकेतले देशी लोक वाणसामान भरतात! (आपली मंडळी त्या अख्ख्या रस्त्यालाच शेजारच्या टाउनशिपच्या नावाने ‘एडिसन’ म्हणतात, पण तो वाद आज नको.) त्यांनी कायद्याचे दाखले दिले, सीमांचे नकाशे दिले, आणि आमच्यातल्या एका काकांना ‘स्थानिक भावना म्हणजे डेटा नव्हे’ असं ऐकवलं. त्या काकांनी नंतर एकही घर नोंदवलं नाही. पुढे चर्चेअंती त्या गृहस्थांचा बदल उलटवला गेला, पण तोवर शनिवारची बैठक मोडली होती.

त्या गृहस्थांना तेव्हा नीट कोणी सांगितलं नाही, म्हणून इथे सांगते. टाउनशिपच्या सीमा नकाशावर आधीच आहेत. कुठलंही घर कोणत्या टाउनशिपात आहे हे संगणक ठिपक्याच्या जागेवरून काढतो. ओपनस्ट्रीटमॅपवर पत्ते शोधणारा प्रोग्राम, नॉमिनॅटिम, हेच करतो. मग तीच माहिती लाखभर ठिपक्यांवर पुन्हा चिकटवून काय मिळवलं? टपालाचं नाव मात्र कुठल्याही सीमेवरून निघत नाही, कारण झिप कोड हे मुळात पोस्टमनच्या वाटपाच्या मार्गांचे आहेत, नकाशावर आखलेले प्रदेश नव्हेत. जे दुसरीकडून मिळत नाही तेच लिहायचं असतं. तुमच्या यादीत टपालाच्या नावाचा वेगळा कॉलम असेल तर तो घ्या. नसेल आणि खात्री नसेल, तर सिटी कोरी सोडा.

तुमच्या बाकीच्या प्रश्नाचं थोडक्यात. इम्पोर्टसाठी, म्हणजे असं सरसकट चढवण्यासाठी, वेगळं खातं काढा, आधी विकीवर योजना लिहा, स्थानिक लोकांना आणि इम्पोर्टच्या मेलिंग लिस्टवर कळवा, आणि उत्तरं येईपर्यंत थांबा. एका चेंजसेटमध्ये १०,००० घटकांची मर्यादा आहे, पण तिच्या जवळपासही जाऊ नका. कोणी आधीच पायी फिरून नोंदवलेले पत्ते असतील तर त्यांना हात लावू नका. यादी आणि ते जुळत नसतील तर जाऊन दार बघा. २००७-०८ मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याचा ‘टायगर’ नावाचा रस्त्यांचा डेटा असाच देशभर ओतला गेला. त्यातल्या ‘अजून तपासलेलं नाही’ अशा खुणा असलेल्या रस्त्यांची साफसफाई लोक आजही करताहेत. पत्त्यातलं रस्त्याचं नाव आणि रस्त्यावरचं नाव जुळलं नाही, की बऱ्याचदा हेच जुनं दुखणं निघतं.

लायसन्सचं आधी सांगायला हवं होतं खरं. ‘ओपन डेटा’ असं पानावर लिहिलंय म्हणून भागत नाही. ओपनस्ट्रीटमॅप २०१२ पासून ओडीबीएल या खुल्या डेटाच्या लायसन्सखाली आहे. काउंटीची यादी सीसी बाय (श्रेय द्यायची अट असलेलं क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स) याखाली असेल तर त्यांच्याकडून वेगळी लेखी परवानगी घ्यावी लागते. आणि यादीत मालकांची नावं असतील तर तो कॉलम पहिल्यांदा उडवा. पुण्या-नाशिकचं कोणी मिळकतकराच्या याद्या घेऊन हे वाचत असेल, तर त्यांनाही हेच.

विकीचं पान झालं की दुवा इथे टाका, मी शेरे देईन. सिटीच्या कॉलमवरून कोणी लांबून वाद घालायला आलं तर त्यांना एवढंच विचारा, की रविवारी दुपारी ओक ट्री रोडवर कधी पार्किंग शोधलंय का.