पदावली सोडवताना : तुमचे प्रश्न

पदावलीत, म्हणजे संख्या आणि चिन्हांच्या मांडणीत, कोणती क्रिया आधी करायची याबद्दल तीच शंका नव्या अक्षरात येत राहते. त्यामुळे या वेळी सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले आहेत.

प्रश्न : ७ + ३ × ० चे उत्तर ० की ७?

७. आधी गुणाकार.

प्रश्न : मुलीने १० − ४ + ३ चे उत्तर ३ काढले. 'कंचेभागुबेव'मध्ये 'बे' आधी आहे, असे ती म्हणते.

उत्तर ९. मुलीवर रागावू नका, तिने सांगितले तसेच केले. कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हे सूत्र घोकून घेतले जाते, पण बेरीज आणि वजाबाकी एकाच पायरीवर आहेत, डावीकडून जे आधी येईल ते आधी करायचे, हे सांगायचे राहून जाते. भागाकार-गुणाकाराचेही तेच : २४ ÷ ६ × २ म्हणजे ८. गंमत अशी की 'भागाकार आधी' हे शब्दशः पाळले तरी उत्तर बिघडत नाही. २४ × ६ ÷ २ कसेही करा, ७२च. म्हणून सूत्राच्या पहिल्या अर्ध्यात चूक लपून राहते आणि 'बेव'पाशी उघडी पडते. वजाचे चिन्ह ४ चे आहे, ते त्याच्यापासून तोडून ४ + ३ करता येत नाही. बेरीज आधी करायचीच असेल तर १० + ३ − ४ करा, ९ येतील. तरीही मुलगी अडली तर वही तिच्या शिक्षकांना दाखवा. घरी एक आणि वर्गात दुसरे असे नको.

प्रश्न : 'चे' म्हणजे गुणाकारच ना? मग वेगळी पायरी कशाला?

गुणाकारच, पण तो भागाकाराच्याही आधी करायचा. १२ ÷ १/२ चे ६ मध्ये आधी ६ चे अर्धे, म्हणजे १२ ÷ ३, उत्तर ४. 'चे'च्या जागी × लिहिले तर १४४.

प्रश्न : 'फक्त हुशारांसाठी' म्हणून ८ ÷ २(२ + २) फिरते आहे. १६ की १?

हे कोडे हुशारीचे नाही, भांडण लावण्याचे आहे. कंसाला चिकटलेला २ काही जण आधी गुणतात, काही जण डावीकडून जातात. वैज्ञानिक कॅल्क्युलेटरांतही एकमत नाही. एक कंस जास्त घातला असता तर वाद मिटला असता, पण मग ते पुढे कोण पाठवणार? परीक्षेत असे आलेच तर प्रश्न काढणाऱ्यांना विचारा.

प्रश्न : साधा कॅल्क्युलेटर २ + ३ × ४ चे २० दाखवतो. बिघडला आहे का?

नाही. तो प्रत्येक बटणागणिक हिशेब उरकतो. क्रम तुम्ही सांभाळा. एक्सेलमध्येही -3^2 (^ म्हणजे घात) लिहिले की ९ येतात, गणितात ते −९ आहेत. महत्त्वाच्या हिशेबात कंस घाला आणि जाणकाराकडून एकदा तपासून घ्या.

प्रश्न : परीक्षा आठ दिवसांवर आहे. 'एका मिनिटात पदावली' हा कोर्स घेऊ का?

एका ओळीच्या नियमाला कोर्स? पैसे ठेवा. चुकलेली उदाहरणे घेऊन उद्याच शिक्षकांना भेटा, आठव्या दिवशी नव्हे.