घरच्या सरावासाठी दहा हजारांच्या आत कोणता सॉलिड स्टेट गिटार ॲम्प घ्यावा?

तुम्ही लिहिले आहे की ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजातील एका जुन्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहता, पहिली इलेक्ट्रिक गिटार नुकतीच घेतली आहे, ॲम्पसाठी दहा हजारांच्या वर जाणे शक्य नाही, आणि दुकानदार मात्र ‘४० वॅटचाच घ्या, पुढे कार्यक्रमातही उपयोगी पडेल’ असा आग्रह धरतो आहे. घरातल्या होम थिएटरला गिटार जोडून भागेल का, हेही विचारले आहे. मीही लष्कर भागातच राहतो आणि वीस-बावीस वर्षे घरातल्या घरातच वाजवतो आहे, त्यामुळे माझे मत आधीच सांगून टाकतो. ४० वॅटचा घेऊ नका. १० ते २० वॅटचा, जमल्यास ८ इंची स्पीकरचा साधा सॉलिड स्टेट ॲम्प घ्या, आणि शेजारच्या खोलीत कोणी झोपलेले असताना जेवढा आवाज ठेवता येतो तेवढ्याच आवाजात त्याचा क्लीन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ सूर कसा ऐकू येतो, या एकाच कसोटीवर तो निवडा.

दुकानदाराचे म्हणणे खोटे नाही, पण वॅटचे गणित आपल्याला वाटते तसे नसते. २० वॅटचा ॲम्प १० वॅटच्या दुप्पट मोठा वाजत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट’ वाटावा यासाठी सुमारे १० डेसिबलची, म्हणजे दहापट शक्तीची गरज लागते. मध्यम प्रतीच्या गिटार स्पीकरला नुसता १ वॅट दिला तरी १ मीटरवर साधारण ९० डेसिबल आवाज होतो, म्हणजे स्वयंपाकघरात मिक्सर चालू असताना होतो त्याच्या आसपास. वाड्यातील दोन खोल्यांत तुम्ही दररोज एवढ्या आवाजात वाजवणार नाही, आणि वाजवलेत तर घरमालक फार दिवस वाजवू देणार नाहीत. घरचा सराव प्रत्यक्षात वॅटच्या दहाव्या किंवा शंभराव्या हिश्श्यातच उरकतो.

मी स्वतः हीच चूक केली होती. पहिला ॲम्प घेताना मोठा तो चांगला या समजुतीने ४० वॅटचा उचलून आणला, आणि मग सहा वर्षे त्याचा व्हॉल्यूमचा नॉब शून्य आणि एक यांच्यामध्येच अडकून राहिला. त्या जागी नॉब केसभर सरकवला की एक तर काहीच ऐकू येत नसे, नाही तर एकदम आजी दचकून उठत असे. मधली पायरी सापडत नसे. स्वस्त ॲम्पच्या नॉबची चाल सुरुवातीच्या भागात अशीच उडीची असते. लहान ॲम्पचा नॉब मात्र घरातल्या आवाजातही दोन-तीनपर्यंत फिरवता येतो आणि तेथे तो नीट हाताळता येतो. पुढे एखाद्या गणेशोत्सवात वाजवण्याची वेळ आली, तर लहान ॲम्पच्या तोंडाशी माइक लावून तो आवाज मंडपातल्या ध्वनिव्यवस्थेवर सोडता येतो. मी दोनदा तसेच केले आहे आणि कोणाचीही तक्रार आली नाही.

वॅटपेक्षा स्पीकरच्या आकाराकडे अधिक लक्ष द्यावे. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर ८२ हर्ट्‌झच्या आसपास असतो, आणि ५-६ इंची स्पीकर त्या खालच्या भागात तोकडा पडतो. जाड तारा पातळ, डबा वाजवल्यासारख्या ऐकू येतात आणि शिकणाऱ्याला वाटते की आपलाच हात कच्चा आहे. ८ इंची स्पीकरमध्ये हा फरक लगेच कळतो. ६ किंवा साडेसहा इंची घ्यावाच लागला तरी बिघडत नाही, मात्र त्याची पेटी जरा खोल आणि मजबूत असलेली पाहावी.

सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणारा ॲम्प हा व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) ॲम्पची गरिबांसाठी केलेली नक्कल आहे, असे तुम्हाला पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. ते मनावर घेऊ नका. रोलंडचा जॅझ कोरस १२० हा १९७५ मध्ये आलेला ॲम्प पूर्णपणे ट्रान्झिस्टरचा आहे, आणि स्वच्छ सुरासाठी जगभरातील वादक अजूनही त्याचेच नाव घेतात. व्हॉल्व्हचा ॲम्प खुलतो तो जोरात चालवल्यावर, म्हणजे नेमके आपल्याला जे परवडत नाही ते केल्यावर. ट्रान्झिस्टरचा ॲम्प हळू आवाजातही जवळपास तसाच राहतो. शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, बदलावे लागतात, आणि दुरुस्तीच्या वेळी आत काही शे व्होल्टचा दाब असतो. उलट ट्रान्झिस्टरच्या साध्या ॲम्पचा सोल्डर निघाला, तर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कोणताही जाणता कारागीर तो नीट करून देतो.

आता दुकानात काय करावे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण खरी निवड तेथेच होते. दुकानातील मुलगा बहुधा गेन (सूर फाडणारा नॉब) पूर्ण चढवून, प्रतिध्वनी लावून, धडाधड चार ताना घेऊन दाखवेल. त्या गदारोळात कोणताही ॲम्प बरा वाटतो, कारण डिस्टॉर्शन, म्हणजे मुद्दाम फाडलेला सूर, सगळे दोष झाकून टाकते. त्याला नम्रपणे थांबवावे, आपली स्वतःची गिटार आणि स्वतःची वायर लावावी, रिव्हर्ब (प्रतिध्वनी) वगैरे सगळे बंद करावे, गेन खाली आणावा, बेस आणि ट्रेबल मध्यावर ठेवावेत, आणि दुकानदाराशी साध्या आवाजात बोलता येईल इतकाच व्हॉल्यूम ठेवावा. मग एक साधा ई मायनर कॉर्ड सावकाश छेडून तो पूर्ण विरेपर्यंत ऐकावा. सूर विरताना शेवटी फरफर होत असेल किंवा पेटीचा एखादा पत्रा, जाळी थरथरत असेल, तर तो ॲम्प सोडून द्यावा. त्यानंतर गिटारवरचा व्हॉल्यूम दहावरून तीनवर आणून पाहावा. आवाज लहान व्हायला हवा, पण कांबळ्याखालून आल्यासारखा दबलेला होता कामा नये. शेवटी गिटारचा व्हॉल्यूम शून्य करून ॲम्पचा गेन पूर्ण चढवावा आणि नुसते ऐकावे. थोडी सळसळ सगळ्यांतच असते, पण ती शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येऊ नये इतकी असेल, तर रात्रीच्या शांततेत ती असह्य होईल.

हेडफोनचा जॅक असलाच पाहिजे, यात तडजोड नको. मात्र तोही दुकानातच लावून पाहावा, कारण काही स्वस्त ॲम्पमध्ये हेडफोनला कच्चा सिग्नल जातो आणि डिस्टॉर्शन लावताच कानाशी डास गुणगुणल्यासारखे होते. काही कंपन्या हेडफोनच्या वाटेवर स्पीकरच्या पेटीसारखा परिणाम देणारे सर्किट बसवतात, तेथे हा त्रास पुष्कळ कमी होतो. मोबाइल जोडण्यासाठी ऑक्स इन असेल तर उत्तम; मी त्यावर तंबोऱ्याचे किंवा तबल्याचे ॲप लावून बसतो, आणि नुसत्या मेट्रोनोमच्या टकटकीपेक्षा त्या ठेक्यावर हात लवकर बसतो, असा माझा अनुभव आहे. ग्वाल्हेरच्या माणसाला वेगळे काय सांगावे!

होम थिएटरचे उत्तर ‘नाही’ असे आहे. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांखालचे कंप टिपणारे चुंबकाचे वेटोळे, हा नाजूक स्रोत आहे. त्याला पुढे सुमारे १ मेगाओहम एवढा मोठा रोध असलेले तोंड (इनपुट) लागते, तर होम थिएटरच्या तोंडाचा रोध बहुधा काही दहा हजार ओहमच असतो. परिणामी वरचे स्वर गिळले जातात आणि आवाज क्षीण, मंद येतो. दुसरे असे की गिटारचा स्पीकर ५ हजार हर्ट्‌झच्या वरचा भाग जवळजवळ टाकून देतो आणि त्यामुळेच डिस्टॉर्शन गोड लागते. संगीत ऐकण्याचा स्पीकर तो सगळा भाग इमानदारीने वाजवतो आणि कानात करवत चालल्यासारखे होते. माइक, कीबोर्ड, गिटार या सगळ्यांसाठी म्हणून जे ‘क्यूब’ विकले जातात, त्यांतल्या ट्विटर (वरचे स्वर वाजवणारा लहान स्पीकर) असलेल्या पेट्यांनाही हेच लागू आहे. अकूस्टिक गिटारला त्या चालतात, तुमच्या गिटारला नाहीत.

जुन्या वाड्यात राहता म्हणून विजेविषयी थोडे अधिक लिहितो. आमच्याकडे कित्येक वाड्यांत अजून दोन वायरींची जुनी जोडणी आहे आणि तीन पिनांच्या सॉकेटचे वरचे भोक नुसते शोभेचे असते. ॲम्पला अर्थिंग मिळाले नाही तर घरघर वाढते, आणि तारांना बोट लावताच झिणझिण्या येत असतील तर ते धोक्याचे लक्षण आहे. त्या क्षणी प्लग काढावा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थ तपासून घ्यावा. सॉकेटमध्ये जात नाही म्हणून तिसरी पिन मोडून टाकण्याचा उद्योग मुळीच करू नये. याउलट तारांना हात लावताच गुणगुण कमी होत असेल, तर ते सामान्य आहे, काळजी नको.

नवा ॲम्प घरी आणल्यावर माझ्याकडे अशी काही घरघर सुरू झाली की मी तो परत करायला निघालो होतो. रिक्षा बोलावण्यापूर्वी सहज पंखा बंद केला आणि घरघर थांबली. गोल फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा तो प्रताप होता. पंखा मधल्या वेगावर असला की गिटारचा सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याचा) पिकअप ती गडबड टिपतो, आणि पंखा पूर्ण वेगावर असला तर ती जवळजवळ जाते. तुमच्या गिटारचे पिकअप सिंगल कॉइल असतील तर गिटार गळ्यात घालून जागच्या जागी हळूहळू फिरून पाहा. एका ठरावीक दिशेला तोंड केले की गुणगुण अगदी बारीक होते. माझी खुर्ची गेली कित्येक वर्षे त्याच दिशेला आहे. दिवे गेल्यावर इन्व्हर्टरवर वाजवणार असाल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: ज्या इन्व्हर्टरवर पंखा घूं घूं करतो, त्यावर ॲम्पही तसाच ओरडतो, आणि त्यात ॲम्पचा दोष नसतो.

येथेच एक इशारा, कारण आपल्या घराघरांतून कोणी ना कोणी अमेरिकेत असतेच. तेथून येणारा ॲम्प बहुधा १२० व्होल्टचा असतो. माझ्या मावसभावाने प्रेमाने आणलेला एक छोटा ॲम्प मी उत्साहाच्या भरात सरळ भिंतीच्या सॉकेटला लावला. ‘फट्’ असा आवाज, जळकट वास, आणि ट्रान्सफॉर्मर गेला. जुना ॲम्प घेतानाही मागच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट असे लिहिलेले आहे ना, हे वाचल्याशिवाय प्लग लावू नका. जुन्यात नॉब फिरवताना खरखर येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. ती धुळीने येते आणि कॉन्टॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने बहुतेक वेळा जाते. मे महिन्यातली आपली धूळ सर्वत्र शिरते. आईने तंबोऱ्याच्या गवसणीसारखी जुन्या पातळाची गवसणी माझ्या ॲम्पला शिवून दिली, तेव्हापासून माझे नॉब शांत आहेत.

नावेच हवी असतील तर तीन सांगतो. फेंडरचा फ्रंटमन १०जी हा १० वॅटचा, ६ इंची स्पीकरचा, हेडफोन आणि ऑक्स इन असलेला ॲम्प आहे; त्याचा क्लीन सूर त्याच्या आकाराच्या मानाने फार चांगला आहे, डिस्टॉर्शन मात्र मला रुक्ष वाटते. ऑरेंजचा क्रश १२ हा १२ वॅटचा, त्याचाही स्पीकर ६ इंचीच, पण बेस, मिडल आणि ट्रेबल हे तिन्ही वेगळे मिळतात आणि हेडफोनवर तो सुसह्य वाजतो. रॉकचा ओढा असेल तर हा ऐकावा. मार्शलचा एमजी १० साडेसहा इंचीचा आहे. किमती सारख्या हलतात, म्हणून आकडा लिहीत नाही, पण हे तिघेही तुमच्या मर्यादेच्या आसपास घोटाळतात. जुन्या बाजारात फ्रंटमन २०जी किंवा क्रश २० चांगल्या अवस्थेत सापडला, तर मी वरचे तिन्ही नवे सोडून तोच घेईन, कारण दोहोंत ८ इंची स्पीकर आहे. सगळे पैसे ॲम्पवरच संपवू नका. तीन मीटरची बऱ्यापैकी वायर त्याच दिवशी घ्या, कारण फुकट मिळणारी वायर महिनाभरात जॅकपाशी तुटते.

घरी आणल्यावर ॲम्प जमिनीवर ठेवू नका. तेथून आवाज पोटऱ्यांना लागतो, कानाला लागत नाही, आणि मग आपण उगाच व्हॉल्यूम वाढवत जातो. तो पाटावर किंवा स्टुलावर, किंचित मागे कलता, आपल्या कानाच्या रोखाने ठेवावा. कोपऱ्यात सरकवला तर बेस फुगतो, तेव्हा भिंतीपासून हातभर पुढे घ्यावा. आणि वाड्याच्या ज्या भिंतीपलीकडे घरमालकांचे देवघर असेल, तिच्याकडे त्याची पाठ करू नये, कारण यांतल्या काही पेट्या मागून उघड्या असतात.