खिडकीजवळ गादी टाका, ट्यूब बंद करा

प्रश्न: ताई, माझ्या बहिणीला मुलगी झालीये, आज 9 दिवसांची आहे, बाळंतपणाला ती आमच्याकडे पंचवटीतच आलीये. घर म्हणजे जुना वाडा, खोलीला एकच खिडकी आणि भिंती हिरव्या. माझ्याकडे जुना डीएसएलआर कॅमेरा आहे, सोबत आलेली 18-55 लेन्स. बारशाआधी भाचीचे चांगले फोटो काढायचेत पण फ्लॅश मारला की ती दचकते आणि चेहरा पांढराफटक येतो, फ्लॅश बंद केला तर पिवळट-हिरवट येतो आणि बाळ काळं दिसतं. एलईडी लाइट घेऊ का?
– भाचीचा मामा, पंचवटी

उत्तर: लाइट घेऊ नका, उलट आहेत तेही बंद करा. ट्यूबचा उजेड वेगळा, बल्बचा वेगळा, खिडकीचा वेगळा, ते सगळे मिसळले की रंग बिघडतो आणि वर हिरव्या भिंतीवरून परत येणारा उजेड थेट बाळाच्या गालावर उतरतो. माझ्या भाच्याच्या वेळी मी हेच करून बसले, हनुवटीखाली सगळं हिरवं, नंतर कॉम्प्युटरवर कितीही खटपट केली तरी ते गेलं नाही आणि तोवर तो दोन महिन्यांचा झाला होता, म्हणून तुम्हाला आत्ताच सांगतेय.

सकाळी मालीश-अंघोळ होऊन बाळ दूध पिऊन झोपलं की सगळे दिवे बंद करा आणि खिडकीपासून दोन-तीन फुटांवर जमिनीवरच गादी टाका, पलंगावर नको. ऊन थेट आत येत असेल तर खिडकीला धुतलेलं पांढरं धोतर लावा, उजेड एकदम मऊ होतो. समोरच्या बाजूला, हिरव्या भिंतीच्या पुढे, थर्माकोलची शीट नाहीतर पांढरी चादर धरून कोणाला तरी बसवा, भिंतीचा रंगही अडतो आणि सावलीतला गालही उजळतो. वाड्याच्या खिडकीला काच नसेल आणि गार वारा येत असेल तर आजी ओरडणारच आणि त्यांचं बरोबरच आहे, मग दुपारी वारा नसताना चौकालगतच्या सोप्यात गादी टाका, चौकातून येणारा उजेड खिडकीपेक्षाही छान असतो, फक्त ऊन अंगावर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, बाळाचं डोकं कुठे. डोकं खिडकीकडे, थोडं तिरकं, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरतो. पाय खिडकीकडे ठेवले तर उजेड खालून नाकपुड्यांत शिरतो आणि एवढंसं गोड पिल्लू भेसूर दिसतं. नाकाची सावली बघा, ती ओठाच्या कोपऱ्याकडे पडायला हवी, डोळ्याकडे नाही. जमत नसेल तर बाळाला हलवू नका, गादीच हळूच फिरवा. कोन जुळला की कानावरची बारीक लव दिसायला लागते, दूध ओढून वरच्या ओठावर आलेला छोटासा फोड दिसतो, बस, तिथेच थांबा आणि फोटो काढा.

लेन्स 50 च्या आसपास, आयएसओ (कमी उजेड टिपायची कॅमेऱ्याची ताकद) 800 ते 1600, शटर 1/125 सेकंदापेक्षा हळू नको, फोटोत थोडे दाणे आले तर चालतील पण हललेला फोटो वायाच जातो. आणि बाळ काळं वगैरे नाहीये हो, कॅमेरा फसतोय! पांढरं दुपटं बघून त्याला वाटतं उजेड फार झालाय आणि तो सगळाच फोटो गडद करतो, प्लस-मायनसचं बटण असतं ते +1 वर न्या. गोरं करणारे फिल्टर लावू नका, तीटही पुसू नका. पण दिवसाच्या उजेडातही अंग, डोळे पिवळे वाटले तर फोटो राहू द्या, आधी डॉक्टरांना दाखवा. वरून फोटो घेताना कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात हवाच, आणि बहिणीला बाळाच्या शेजारी बसवा.

प्रश्न: नातू रात्रीच जागा असतो, मोबाईलवर फोटो काढता येतील का?
– एक आजी, सिडको

उत्तर: येतील की आजी. एकच टेबल लॅम्प, तोंड पांढऱ्या भिंतीकडे करून, बाळाच्या हाताला लागणार नाही आणि अंगावर पडणार नाही इतका लांब ठेवा, बाकी दिवे बंद. स्क्रीनवर बाळाच्या चेहऱ्यावर बोट टेकवा, बऱ्याच मोबाईलमध्ये बाजूला सूर्याचं चिन्ह येतं, ते थोडं वर सरकवा. भरभर दहा-बारा काढा, एखाद्यात हात स्थिर सापडतोच.