हे मत तिच्या डोक्यात आलं कुठून?

"आमच्या घरात असलं बोलणं कधी झालेलं नाही, मॅडम. मग हे तिच्या डोक्यात आलं कुठून?"

समुपदेशनासाठी माझ्याकडे आलेल्या एका आईनं खुर्चीत नीट टेकायच्या आधीच विचारलं. प्रसंग घरगुती होता. मावशी आली होती, जेवताना ओळखीतल्या कुणा मुलीनं गर्भपात करून घेतल्याचा विषय निघाला. या म्हणाल्या, "जीव घेणं ते जीव घेणंच." त्यावर १६ वर्षांची लेक मान वर न करता म्हणाली, "तिचं शरीर आहे, ती ठरवेल. आपण कोण?" मावशी गप्प झाली. यांनी लेकीला झापलं, तेव्हा ती उठून जाताना म्हणाली, "आई, तू तरी बोलू नकोस."

हे शेवटचं वाक्य त्यांनी उद्धटपणाचा नमुना म्हणून सांगितलं आणि पुढे गेल्या. मी वहीत 'तू तरी' एवढेच दोन शब्द लिहून त्याखाली रेघ मारली. (दोघींना विचारून लिहिते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

ही काळजी घेऊन येणारे पालक कमी नाहीत, आणि ते एकाच बाजूचे नसतात. बाईच्या निर्णयाच्या हक्कासाठी आयुष्यभर बोलत आलेल्या एका आईचा मुलगा कॉलेजात जाता जाता गर्भपाताचा कट्टर विरोधक झाला. तीही याच सुरात म्हणाली होती, "माझं कुठे चुकलं?" मतं अगदी उलटी, पण दुखणं एकच: आपण वाढवलेलं मूल आपल्यासारखा विचार करत नाही.

तास संपला. पर्स उचलून त्या दारापर्यंत गेल्या, कडीवर हात ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिचंच तर काही नसेल ना?"

खरी भीती बहुतेक वेळा अशी दारातच बाहेर येते.

म्हणून लेक आली तेव्हा आधी हेच स्पष्ट विचारलं. जिवाला धोका असेल एवढं सोडून इथलं काहीही तुझ्या परवानगीशिवाय आईला सांगणार नाही, हे ठरवून घेतलं आणि मग विचारलं, "तुझ्याबाबत किंवा एखाद्या मैत्रिणीबाबत काही घडलंय का?" ती चिडली. "मत असायला काही घडावंच लागतं का?" मला हा प्रश्न आवडला. तो रास्त होता. एखाद्या मुलीनं गर्भपाताविषयी काही म्हटलं की आपण लगेच तिच्या पोटाकडे बघतो. मुलानं म्हटलं तर, काय वाचत असतो कोण जाणे, एवढ्यावर भागतं.

दुसऱ्या भेटीत मी 'तू तरी'बद्दल विचारलं. बराच वेळ ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग सांगितलं. १२ वर्षांची असताना लसीकरणाचं कार्ड शोधायला तिनं कपाटातल्या फायली काढल्या होत्या. एका जुन्या फाइलवर आईचं नाव, आत छापील कागदावर निदान: 'मिस्ड अॅबॉर्शन'. मागे संमतीपत्र, त्यावर बाबांची सही. तारीख तिच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची.

"म्हणजे आईनं स्वतः केलंय," ती म्हणाली. "बाबांची सही आहे. आणि दुसऱ्या बायकांना नावं ठेवते."

चार वर्षं ती हे एकटी घेऊन वावरत होती.

'मिस्ड अॅबॉर्शन' म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. बाळ पोटातच जातं, ठोके थांबतात, पण रक्तस्राव किंवा कळा सुरू होत नाहीत, सोनोग्राफीत कळतं. मग गोळ्या देऊन किंवा क्युरेटिंग करून पिशवी मोकळी करावी लागते. क्युरेटिंग करायचं असेल तर संमतीपत्रही लागतं. दिवस राहिल्याचं कळलेल्या दर शंभर गरोदरपणांतली साधारण १० ते २० अशी आपोआप संपतात. वैद्यकीय भाषेत मात्र गरोदरपण आपोआप संपलं तरी 'अॅबॉर्शन' आणि ठरवून संपवलं तरी 'अॅबॉर्शन'. आपली मराठीही इथे मदतीला येत नाही. गर्भपात 'होतो' आणि गर्भपात 'करतात'. सगळा फरक एका क्रियापदावर, आणि क्रियापद फाइलवर लिहिलेलं नसतं.

तिच्या आईचं काय झालं होतं ते मला माहीत नव्हतं. शब्दाचे हे दोन अर्थ होतात, एवढंच मी सांगितलं. बाकीचं तिनं आईला विचारावं. ते सांगण्याचा हक्क आईचा.

इथे थोडं थांबून पालकांच्या प्रश्नाकडे येते. आपला प्रभाव किती? अमेरिकेत १९६५ मध्ये केंट जेनिंग्ज आणि रिचर्ड नीमी यांनी शाळेच्या शेवटच्या वर्षातली मुलं आणि त्यांचे पालक यांना वेगवेगळं बसवून राजकीय मतं विचारली होती. पुढे त्याच कुटुंबांचा काही दशकं पाठपुरावा झाला. त्यातून दिसलं की ज्या घरात एखादा विषय वरचेवर आणि एकाच सुरात बोलला जातो, तिथली मुलं ते मत जास्त उचलतात. पालक खूश होतील असा निष्कर्ष. पण २०१४ मध्ये एलियास दिनास यांनी दाखवलं की अशा राजकारणाची आवड असलेल्या घरांतली मुलं घराबाहेर पडल्यावर तेच मत सोडण्याची शक्यताही जास्त असते, कारण चर्चेची सवय त्यांना घरातूनच लागलेली असते. माझ्या कामाचा अभ्यास मात्र तिसराच. ख्रिस्तोफर ओहेडा आणि पीटर हातेमी यांनी २०१५ मध्ये मांडलं की अमेरिकेतल्या निम्म्याहून अधिक मुलांना आईवडिलांचा पक्ष कोणता हे एकतर चुकीचंच कळलेलं असतं किंवा नीट कळूनही त्यांनी तो नाकारलेला असतो. हे सगळं पक्षांबद्दलचं, मान्य. पण मला त्यातून एक धागा सापडतो: मूल आपल्या मताशी सहमत होतं किंवा भांडतं असं आपण धरून चालतो, आणि ते भांडत असतं आपल्या मताच्या त्याच्या मनातल्या चित्राशी. ते चित्र आपण दिलेल्या उत्तरांपेक्षा आपण टाळलेल्या उत्तरांतूनच जास्त तयार होतं. या घरात ते एका फाइलवरून तयार झालं होतं.

तिसऱ्या भेटीला दोघी एकत्र आल्या. लेकीनं विचारलं. आईनं आधी माझ्याकडे पाहिलं, जणू मीच फितूर झाले. मग सांगू लागल्या. अडीच महिने झाले होते. सोनोग्राफीच्या टेबलावर डॉक्टर अचानक बोलायच्या थांबल्या आणि स्क्रीन स्वतःकडे वळवली. "त्या स्क्रीन वळवण्यावरूनच मला कळलं," त्या म्हणाल्या. नंतर वर्षभर त्या कुणाच्या बारशाला गेल्या नाहीत.

"मला वाटलं होतं तू..." लेक म्हणाली आणि पुढे बोललीच नाही.

"तुला तसं वाटलं आणि तू चार वर्षं माझ्याशी बोलत राहिलीस?"

दोघी रडल्या. मी टिश्यूचा डबा पुढे सरकवला आणि गप्प बसले. आमच्या धंद्यात हे एक काम फार महत्त्वाचं आहे.

आता सगळं सुरळीत होईल, गैरसमज गेला तसं मतही जाईल, असं आईला वाटलं असावं. सावरल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "मग आता तुला पटतंय ना?"

"नाही," लेक म्हणाली. "तुझ्याबद्दल माझं चुकलं. पण त्या मुलीबद्दल मला अजूनही तेच वाटतं."

आईचा चेहरा पडला. मला मात्र ते उत्तर ऐकून बरं वाटलं. मत निव्वळ आईवरच्या रागातून आलेलं असतं, तर राग संपताच तेही संपलं असतं. ते उरलं, म्हणजे त्यामागे तिचं स्वतःचं काही होतं. मग मी दोघींना एकच काम दिलं: समोरची कोणत्या प्रश्नाचं उत्तर देते आहे ते ओळखा. ज्युडिथ स्मेटाना यांनी १९८२ मध्ये गर्भपाताविषयी स्त्रियांचा विचार कसा चालतो हे तपासलं, तेव्हा काहीजणी तो जीव वाचवण्याचा नैतिक प्रश्न मानत होत्या, तर काहीजणी स्वतःच्या आयुष्याचा खासगी प्रश्न. आयुष्य कधी सुरू होतं याविषयी जिचं जे मानणं, त्यावर ते बरंचसं ठरत होतं. इथेही तसंच निघालं. आई 'तो जीव आहे का' याचं उत्तर देत होती, लेक 'ठरवणार कोण' याचं. दोघी दोन वेगळ्या प्रश्नांवर एकमेकींना हरवायला बघत होत्या. लेक थोड्या वेळानं म्हणाली, "जीव आहे की नाही याचा मी खरं तर फार विचार केला नाहीये." आई म्हणाल्या, "आणि मी त्या मुलीचा." यापुढे त्या दिवशी कुणी गेलं नाही. जायची गरजही नव्हती.

लेकीनं मला माझंही मत विचारलं. मला मत आहे, पण या खोलीत ते एका पारड्यात पडलं असतं. म्हणून सांगितलं नाही, आणि का सांगत नाही ते सांगितलं.

लहान मुलांचे पालक विचारतात, इतक्यात कशाला बोलायचं? सात-आठ वर्षांच्या मुलानं बातमीत शब्द ऐकून 'म्हणजे काय' विचारलं, तर 'पोटातलं बाळ जन्माला येण्याआधीच गरोदरपण थांबतं, कधी आपोआप, कधी डॉक्टरांच्या मदतीनं' एवढं पुरतं. किशोरवयीन मुलाला मात्र निकाल सांगू नका, कारण सांगा: मला असं वाटतं, ते यामुळे. आणि वेगळं वागलेल्या बाईला विशेषणं लावू नका. तुमच्या मतापेक्षा मुलांच्या लक्षात ती विशेषणं राहतात, कारण उद्या आपल्यावर वेळ आली तर घरात आपल्याला काय म्हणतील याचा अंदाज ती त्यावरून बांधतात.

चौथ्या भेटीला बाबाही आले. ते हा विषय निघाला की पेपर उघडतात, असं दोघींनी स्वतंत्रपणे सांगितलं होतं. बायकोला वाटायचं ते आपल्या बाजूचे आहेत. लेकीला वाटायचं ते तिच्या बाजूचे. मी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

ते चष्मा पुसत बसले. "सही मी केली होती ना," म्हणाले. "बाळ गेलेलंच होतं, तरी हात चालेना. ज्यांना जिवंत बाळासाठी तो कागद पुढे येतो, त्यांचं काय होत असेल असं तेव्हापासून वाटतं. करू नये असंच मला वाटतं. पण जी करते तिला बोलायला माझं तोंड उघडत नाही."

लेक त्यांच्याकडे पाहतच राहिली. "बाबा, हे तुम्ही कधी बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघी भांडत होतात," ते म्हणाले. "मला कुणी विचारलंच नाही."