चहा-कॉफी पूर्ण बंद केली तर रोजच्या कामावर काय परिणाम होतो? डोकेदुखी किती दिवस राहते?

तुम्ही विचारलंय की दिवसाला पाच-सहा चहा होतात, ते बंद केले तर डोकं किती दिवस दुखेल, कामात लक्ष लागेल का आणि एवढं करून फायदा काय. आधी उत्तरच सांगतो, डोकं आठवड्याभरात गप होतंय. माणसांचा त्रास मात्र पुढं कितीतरी महिने चालू राहतोय.

मी बेळगावात उद्यमबागला एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे, शिफ्ट बदलती. उठल्या उठल्या एक, नाष्ट्याबरोबर एक, कंपनीत दोनदा फ्लास्क फिरतोच, मधे कोण बाहेरचं आलं की गेटसमोरच्या गाड्यावर बाय-टू, आणि घरी गेलं की आई विचारत पण नाही, सरळ ग्लास हातात देते. सेकंड शिफ्ट करून घरी आलो की दोन-दोन वाजेपर्यंत छताकडं बघत पडायचो, म्हणून सोडायचं ठरवलं.

शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत त्रास सुरू होतो, पहिले दोन दिवस बेकार, मग हळूहळू कमी, दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत कितीही चालू शकतं. डोळ्यांच्या मागं जड, जांभया, आणि चिडचिड एवढी की कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली तरी अंगावर जावंसं वाटतंय. माझं काम मापाचं, मायक्रोमीटरवर रीडिंग घ्यायचं आणि शीटवर लिहीपर्यंत आकडा डोक्यातनं गायब, परत तोच शाफ्ट उचलायचा परत मोजायचा, पलीकडचा ऑपरेटर म्हणतोय काय अण्णा, आज एकाच पीसवर प्रेम बसलंय काय. आणि लाजायचं काही नाही म्हणून सांगतो, सकाळचं पोट साफ होण्याचं गणित पण बिघडतंय, कारण चहा-कॉफीत जे तरतरी आणणारं कॅफीन असतं त्यानं आतड्याला ढकल मिळते. कोमट पाणी, केळी, थोडं चालणं, होतंय जाग्यावर.

घरचे म्हणतील नाटकं करतोय. तर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ मध्ये काढलेल्या डीएसएम-५ ह्या मानसिक आजारांच्या पुस्तकात कॅफीन विथड्रॉवल, म्हणजे कॅफीन सोडल्यावरचा त्रास, रीतसर नोंदवलाय. भानगड अशी की जागं राहील तसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि ते झोप आणतं. कॅफीन त्याच्या जागेवर जाऊन बसतं, म्हणून तरतरी. रोजच जागा अडवल्या की मेंदू नवीन जागा तयार करतो, मग एक दिवस चहा बंद झाला की सगळ्या जागा एकदम मोकळ्या, रक्तवाहिन्या फुगतात आणि डोकं ठणकतं.

आता हे कळल्यावर बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतोय. आमच्याकडं एकादशीला लोक सगळं सोडतील पण चहा सोडणार नाहीत, उपासाला चालतोय म्हणतात, आणि जे निर्जळी करतात त्यांचं संध्याकाळी डोकं धरतंय, सगळे म्हणतात पोटात काही नाही म्हणून. त्यातल्या किती जणांचं चहा नाही म्हणून असेल बघा. उपाशीपोटी रक्त तपासायला लाइनीत बसलेल्यांचं पण तेच.

एक गंमत नाही, कामाची गोष्ट. शॉपमधल्या एकानं माझ्याबरोबरच चहा सोडला, ह्याला काहीच त्रास नाही, आम्ही सगळे थक्क. नंतर कळलं पठ्ठ्या रोज डोकेदुखीची गोळी घेत होता आणि त्या गोळीतच पॅरासिटामॉलबरोबर कॅफीन होतं. म्हणजे चहा सोडला आणि कॅफीन स्ट्रिपमधनं चालू. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत ते असतंय, मागचं बारीक छापलेलं वाचून घ्या. कोल्ड्रिंक कोलात असतंय, ग्रीन टीमध्ये पण असतंय. फिल्टर कॉफीतल्या चिकोरीत मात्र नसतंय, त्यामुळं चिकोरी जास्त घातलेली पूड असेल तर कॅफीन तेवढं कमी.

एकदम तोडू नका एवढंच माझं म्हणणं. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत या, सुरुवात संध्याकाळच्या चहापासनं करा. कारण शरीरातलं निम्मं कॅफीन जायलाच साधारण पाच तास लागतात, सहाला प्यालेला चहा अकराला अर्धा आत असतोय. नुसतं हे केलं तरी झोपेचा निम्मा प्रश्न मिटतो. मायग्रेन असेल नाहीतर कसली औषधं चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

आता माणसांचं. खानापूरकडं पाहुण्यांत गेलो, चहा नको म्हटलं, तर काकींचा चेहरा असा झाला की जसं काय मी जुनं भांडण उकरून काढलंय. "शुगर निघाली काय रे?" मग "अर्धा तरी घे की." मग दूध घे. मग सरबत. शेवटी दोन लाडू खाऊन सुटका. आणि कंपनीत तर गाड्यावर गेलं नाही की निम्म्या बातम्याच कळत नाहीत, कोण सोडून चाललाय, ओव्हरटाइम कधी मिळणार, सगळं तिथंच. म्हणून सांगतो, चहा सोडा, गाड्यावर जाणं सोडू नका. मी गरम दूध नाहीतर नुसता पारले घेऊन उभा राहतो, चार दिवस चेष्टा करतात, मग गाडेवालाच विचारतोय दूध ना.

घरी कषाय. आमच्या शेजारच्या कन्नड अक्कांनी शिकवलं. धणे, जिरे, बडीशेप, थोडी मिरी, सुंठ, वेलदोडा, सगळं मंद भाजून पूड करून डब्यात भरायचं. पाण्यात पूड आणि गूळ उकळायचा, गॅस बंद करायचा, मगच गरम दूध घालायचं, गुळाबरोबर दूध उकळत ठेवलंत तर फाटतंय. बेळगावच्या पावसात ग्लास हातात धरला की चहाची निम्मी गरज तिथंच भागते, कारण आपल्याला निम्म्या वेळा नुसतं गरम काहीतरी हातात पाहिजे असतंय.

फायद्याचं म्हणाल तर झोप पहिली सुधारली, सेकंड शिफ्टनंतर पण. जळजळ गेली. दुपारची सुस्ती कमी झाली. पँट थोडी सैल झाली पण त्याचं श्रेय कॅफीनला देऊ नका, एवढ्या ग्लासांबरोबर दोन-दोन चमचे साखर जात होती ती थांबली. चेहऱ्यावर तेज, बुद्धी तल्लख वगैरे जे लोक लिहितात तसलं मला काही झालं नाही. मोठ्या निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलीग्रामपर्यंत कॅफीन साधारण चालतं असं अमेरिकेचं एफडीए, म्हणजे तिथलं अन्न-औषध खातं, सांगतं, आणि आपला घरचा चहा एवढ्याशा कपाला त्यामानानं कमीच. झोप बरी लागत असेल, पोट तक्रार करत नसेल, तर सकाळचे दोन कप निवांत प्या, कशाला उगीच काकींशी वाकडं घ्यायचं.