सोलापुरातून ग्रहविज्ञानात जाता येईल का? पैशांची आणि परिषदांची सोय कशी होते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, विषय भूशास्त्र. चांद्रयान-3 उतरताना पाहिलं तेव्हापासून ग्रहांवरच काम करायचं मनात आहे. घरची परिस्थिती बेताची, ओळखीत कुणी शास्त्रज्ञ नाही, आणि ‘ग्रहविज्ञान’ नावाची पदवी जवळपास कुठे दिसत नाही. पैसे कोण देतं, परदेशी परिषदांची जी आमंत्रणं ईमेलवर येतात त्यांचं काय करायचं, आणि शेवटी नोकरी मिळते का, हेही तुम्ही विचारलंय.

मी सोलापूरचीच. कॉलेज इथंच झालं, पुढे भूशास्त्रात एमएस्सी, मग पीएचडी, आणि आता चंद्रावरच्या ज्वालामुखी खडकांवर काम करते. त्यामुळे हे उत्तर भूशास्त्राच्या बाजूने झुकलेलं असणार, पण तुमचाही विषय तोच आहे.

पदवीची काळजी आधी सोडा. बीएस्सीच्या पातळीवर आपल्याकडे हा विषय बहुधा वेगळा शिकवलाच जात नाही. माणसं भूशास्त्र, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स अशा वेगवेगळ्या वाटांनी येतात आणि पीएचडीला एकत्र भेटतात. चांद्रयान-3 च्या प्रज्ञान रोव्हरवरचं एपीएक्सएस घ्या. हे उपकरण अहमदाबादच्या पीआरएलमध्ये, म्हणजे भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत तयार झालं. 103 मीटरच्या वाटचालीत त्याने 23 ठिकाणी मातीतली मूलद्रव्यं मोजली, आणि त्यावरचा शोधनिबंध 2024 च्या ऑगस्टमध्ये ‘नेचर’मध्ये आला. तिथली माती फेरोअन अ‍ॅनॉर्थोसाइट या हलक्या, फिकट रंगाच्या खडकाशी जुळते, म्हणजे चंद्र सुरुवातीला वितळलेल्या शिलारसाच्या महासागराने झाकलेला होता या कल्पनेला आधार मिळतो. मोजमाप भौतिकशास्त्राचं, पण अ‍ॅनॉर्थोसाइट म्हणजे काय आणि ते शिलारसावर का तरंगतं, हे भूशास्त्राचं. तुम्ही दुसऱ्या वर्षाला शिकताय तो खनिजशास्त्राचा पेपर ‘पास होण्यापुरता’ करू नका, एवढं मात्र कळकळीने सांगते.

आता सोलापूरबद्दल. गाव लहान, संस्था नाही, म्हणून आपण मागे पडलो असं अनेक मुलं बोलतात. मला ते पटत नाही. आपण दख्खनच्या बेसाल्टवर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक साचत गेलेले हे लाव्हाचे थर आहेत. चंद्रावरचे काळे डाग, ज्यांना मारिया म्हणतात, तेही बेसाल्ट. मंगळाचा मोठा भाग बेसाल्ट. परदेशातल्या कितीतरी विद्यार्थ्यांना बेसाल्ट पाहायला विमानाने जावं लागतं, आपल्याकडे तो खडी क्रशरवर ढिगाने पडलेला असतो.

एखाद्या बंद पडलेल्या खाणीत परवानगी काढून जा. एकटे जाऊ नका, उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत परत या. हँड लेन्स लावून ताज्या फुटलेल्या दगडाकडे नीट बघा. काळ्या बारीक दाण्यांच्या खडकात बारीक पोकळ्या दिसतील, त्या लाव्हातल्या वायूच्या. काही रिकाम्या असतील, काहींत पांढरं खनिज भरलेलं असेल, बहुधा झिओलाइट किंवा आपण ज्याला गारगोटी म्हणतो ते. ते खनिज नंतर खडकात फिरलेल्या पाण्यातून साचलेलं आहे. चंद्रावरून आणलेल्या बेसाल्टातही पोकळ्या आहेत, पण त्या अशा भरलेल्या नाहीत, कारण तिथे असं पाणी खडकातून फिरलंच नाही. मंगळावर मात्र पाण्याने बदललेल्या बेसाल्टातली खनिजं कक्षेतल्या यानांनी टिपलीत. हातातला एक दगड तुम्हाला तीन ग्रहगोलांमधला फरक सांगतो.

अजून एक गोष्ट शोधा. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी लाल मातकट पट्टा सापडतो, त्याला रेड बोल म्हणतात. पहिला प्रवाह थंड झाला, काही काळ उघडा राहिला, झिजला, आणि मग वर दुसरा आला. मधल्या काळाचा तो पुरावा. चंद्रावर हवा-पाणी नाही, तरी तिथेही दोन प्रवाहांमध्ये उल्कांच्या माऱ्याने झालेला चुरा दबून राहतो. जपानच्या कागुया यानाच्या रडारने मारियाच्या पृष्ठभागाखाली असे थर दाखवले. ‘दोन उद्रेकांमध्ये किती काळ गेला?’ हा एकच प्रश्न आपल्या खाणीतही आहे आणि चंद्रावरही. माझं स्वतःचं काम इथूनच सुरू झालं, म्हणून जरा जास्त लिहिलं.

आणि लोणार विसरू नका. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं ते विवर बेसाल्टात उल्का आदळून झालेलं आहे आणि जगात अशी उदाहरणं फार थोडी आहेत. 1970 च्या दशकात तिथल्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडलं, म्हणजे आघाताच्या दाबाने काच झालेलं फेल्डस्पार हे खनिज. त्यानंतर आघाताबद्दलची शंका मिटली. कॉलेजची सहल कुठे न्यायची यावर चर्चा निघाली तर लोणारचं नाव तुम्ही पुढे करा. तिथे नमुने उचलायला मनाई आहे, पण बघायला आणि वहीत काढायला कुणाची मनाई नाही.

खाणीएवढाच महत्त्वाचा आहे डेटा, आणि तो फुकट आहे. इस्रोच्या आयएसएसडीसी या डेटा केंद्राचं ‘प्रदान’ नावाचं पोर्टल आहे. नोंदणी केली की चांद्रयान-2 चा डेटा उतरवता येतो. टीएमसी-2 कॅमेऱ्याचं रिझोल्यूशन 5 मीटर, ओएचआरसी या दुसऱ्या कॅमेऱ्याचं सुमारे 25 सेंटिमीटर. नासाच्या, चंद्राभोवती फिरणाऱ्या एलआरओ यानाची चित्रंही कुणालाही मिळतात. क्यूजीआयएस आणि जेमार्स ही नकाशांची सॉफ्टवेअरं मोफत आहेत आणि बऱ्यापैकी लॅपटॉपवर चालतात. एक छोटा भाग निवडा, चंद्रावरच्या मारे इम्ब्रियम या काळ्या डागातल्या एखाद्या लाव्हा प्रवाहाची कड घ्या. सूर्य खाली असतानाचं चित्र शोधा, म्हणजे सावलीमुळे कड उठून दिसते. ती कड रेखा, दोन्ही बाजूंची विवरं मोजा (जास्त विवरं म्हणजे सहसा जास्त जुना पृष्ठभाग), कोणती बाजू जुनी असेल ते लिहा. असा एक नीट केलेला नकाशा हातात असेल तर तुम्ही कुठल्याही प्राध्यापकाला विश्वासाने ईमेल लिहू शकता. ‘मला अवकाशाची आवड आहे’ एवढंच लिहिलेल्या ईमेलला सहसा उत्तर येत नाही. ‘मी हा भाग रेखलाय, इथे अडलेय’ असं लिहिलं की येतं.

देहरादूनची आयआयआरएस ही इस्रोची संस्था रिमोट सेन्सिंगचे, म्हणजे उपग्रहाच्या चित्रांवरून अभ्यास करण्याचे ऑनलाइन कोर्स विनामूल्य घेते. इस्रोचा अवकाश विज्ञानाची ओळख करून देणारा ‘स्टार्ट’ हा ऑनलाइन कार्यक्रम 2023 पासून सुरू झालाय, तो पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी आहे, म्हणजे पुढच्या वर्षी तुमच्या कामाचा. तुमचं कॉलेज यजमान संस्था म्हणून अर्ज करू शकतं का, हे विभागप्रमुखांना आत्ताच विचारून ठेवा.

आता पैसे. केंद्र सरकारच्या इन्स्पायर योजनेची शिष्यवृत्ती, वर्षाला 80 हजार, बारावीच्या गुणांवर पहिल्या वर्षातच मागावी लागते. तुमची वेळ गेली असेल, पण धाकटी भावंडं किंवा शेजारची मुलं असतील तर त्यांना जरूर सांगा. तुमच्यासाठी सगळ्यात मोलाची म्हणजे तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी संशोधन फेलोशिप. साधारण नोव्हेंबरच्या आसपास अर्ज निघतात, दोन महिने एखाद्या संशोधन संस्थेत काम करायला मिळतं, विद्यावेतन आणि प्रवासखर्च मिळतो. अर्जासोबत आपण काय करू इच्छितो यावर छोटं टिपण आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. टिपणात लोणार, रेड बोल, तुमचा तो नकाशा, असं तुमच्या हाताखालून गेलेलं काहीतरी लिहा. शिफारसपत्राची आठवण सरांना किंवा मॅडमना महिनाभर आधी करा.

बीएस्सीनंतर एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्या. भूशास्त्राचा वेगळा पेपर असतो, आणि मुंबई, खरगपूर, रुरकी या आयआयटी त्यातून प्रवेश देतात. नाही जमलं तर पुणे विद्यापीठ आहे, आपल्या केगावच्या विद्यापीठातही भूशास्त्र शिकता येतं. त्यात कमीपणा काही नाही, कारण पीएचडीच्या मुलाखतीला तुम्हाला विषय किती कळतो हेच पाहतात.

एमएस्सीच्या शेवटच्या टप्प्यात नेट आणि गेट. सीएसआयआर-नेटमध्ये आपल्या पेपरचं नावच ‘पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान’ आहे. त्यातून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली की पहिली दोन वर्षं महिना 37 हजार, नंतर 42 हजार, वर घरभाडे भत्ता. हे 2023 पासूनचे दर आहेत. पीआरएलमध्ये नेट, गेट किंवा जेस्टसारख्या परीक्षेच्या गुणांवर मुलाखतीला बोलावतात. विद्यापीठात एमएस्सीला पहिला क्रमांक आला तर इन्स्पायर फेलोशिपचा मार्गही आहे. तुम्ही ज्या प्रवर्गातून आहात त्यानुसार बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. यात गुणांपेक्षा कागदपत्रांवर जास्त मुलं अडकतात. जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमिलेयर आत्ताच काढून ठेवा. जाहिरात आल्यावर सेतूत रांग लावून ती वेळेत मिळत नाहीत. आणि कुठलीही फेलोशिप असो, पहिला हप्ता उशिरा येतो असं धरूनच पहिल्या काही महिन्यांच्या खर्चाची तजवीज ठेवा.

परदेशात युरोपची इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्ती एमएस्सीसाठी पाहा, त्यात फीसोबत महिना 1,400 युरो मिळतात. पीएचडीसाठी जर्मनीत ग्योटिंगेनला मॅक्स प्लँकची सूर्यमाला संशोधन संस्था आहे, तिथे पीएचडीच्या विद्यार्थ्याला पगार असतो. नासाचा संशोधन निधी मात्र अमेरिकी संस्थांसाठी असतो, भारतात बसून तो मागता येत नाही. तिथल्या विद्यापीठात पीएचडीला प्रवेश मिळाला तर त्यातून तुमचा खर्च निघू शकतो, हा वेगळा मार्ग.

परिषदांच्या ईमेलबद्दल सरळ सांगते: ज्यांनी तुम्हाला न ओळखता ‘वक्ता’ म्हणून बोलावलंय, गोषवारा पाठवल्याच्या दुसऱ्या दिवशी स्वीकारलाय आणि लगेच डॉलरमध्ये फी मागितलीय, त्यांना उत्तर देऊ नका. घरच्यांना कर्ज काढायला लावून अशा परिषदेला गेलेली मुलं मी पाहिलीत, मनापासून वाईट वाटतं. खऱ्या परिषदेत दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला कुणी वक्ता म्हणून बोलावत नाही, आणि त्याची गरजही नसते.

भारतात पीआरएलची भारतीय ग्रहविज्ञान परिषद आहे, ती 2020 पासून भरते. राष्ट्रीय अवकाश विज्ञान परिसंवाद साधारण दोन वर्षांनी वेगवेगळ्या ठिकाणी होतो, 2019 मध्ये पुण्यात होता, 2024 मध्ये गोव्यात. हे दोन तुमच्या आवाक्यातले. या क्षेत्राची एक मोठी वार्षिक भेट म्हणजे एलपीएससी (चंद्र आणि ग्रह विज्ञान परिषद), दर मार्चमध्ये अमेरिकेत ह्यूस्टनजवळ द वुडलँड्सला. अपोलो-11 चे नमुने आल्यावर 1970 मध्ये ती सुरू झाली. तिथे जायला तुम्हाला अजून अवकाश आहे, पण तिचे गोषवारे आजच वाचता येतात. प्रत्येक गोषवारा दोन पानांचा, आकृतीसकट, आणि कित्येक दशकांचे गोषवारे फुकट उपलब्ध आहेत. पाठ्यपुस्तकाआधी मी विद्यार्थ्यांच्या हातात हे देते. दोन पानांत माणूस काय पाहिलं, कशावरून म्हणतो आणि काय अजून कळलेलं नाही, एवढंच लिहितो. इंग्रजी कच्चं असेल तर रोज एक वाचा. शब्द मर्यादित आहेत, महिन्या-दोन महिन्यांत सरावाचे होतात.

पीएचडी करताना परदेशी परिषदेला जायचं झालं तर विमानखर्चासाठी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन निधी मंडळाची प्रवास सहाय्य योजना असायची. 2024 मध्ये एसईआरबी एएनआरएफ या नव्या संस्थेत गेलं, त्यामुळे अर्ज करताना त्या वर्षीचे नियम बघा. कोस्पार ही अवकाश संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था विकसनशील देशांतल्या तरुण संशोधकांसाठी कार्यशाळा घेते, खरा डेटा कसा हाताळायचा ते शिकवते. एखाद्या मोठ्या परिषदेपेक्षा अशा कार्यशाळेत जास्त शिकायला मिळतं असं माझं मत आहे.

राहिली नोकरी. घरचे विचारतात ते बरोबरच आहे. इस्रोच्या नियमित भरतीत बहुतेक जागा अभियंत्यांच्या असतात, भूशास्त्रज्ञाने त्या आशेवर बसू नये. ग्रहविज्ञानाच्या कायम जागा पीआरएल, इस्रोचं अहमदाबादचं सॅक केंद्र, इस्रोचीच तिरुवनंतपुरमची एसपीएल प्रयोगशाळा, आयआयटी, आयसर आणि विद्यापीठं अशा मोजक्या ठिकाणी आहेत आणि स्पर्धा तीव्र आहे. पण काम वाढतंय. सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने चांद्रयान-4 आणि शुक्राच्या मोहिमेला एकाच दिवशी मंजुरी दिली. चांद्रयान-4 चंद्राची माती इथे आणणार आहे. ती आली की सूक्ष्मदर्शकाखाली बेसाल्ट आणि अ‍ॅनॉर्थोसाइट ओळखणारी माणसं लागणार, आणि तुम्ही नेमकं तेच शिकताय.

त्याच वेळी दुसरं दार उघडं ठेवा. यूपीएससीची भूवैज्ञानिक परीक्षा एमएस्सीनंतर देता येते, तिच्यातून जीएसआयमध्ये, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात भूवैज्ञानिक होता येतं. भारतात पडलेले उल्कापाषाणही जीएसआयच सांभाळते. 22 मे 2012 ला नागपूर जिल्ह्यात काटोलला उल्का पडल्या तेव्हा त्यांची माणसं तिथे पोचली होती. राज्याच्या भूजल सर्वेक्षण यंत्रणेतही भूशास्त्रज्ञ लागतात, आणि आपल्या जिल्ह्यात भूजलाचं काम करणारा माणूस किती गरजेचा आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. नेटचा अभ्यास, रिमोट सेन्सिंग आणि खडक ओळखण्याची सवय या तिन्ही गोष्टी या परीक्षांना तशाच उपयोगी पडतात, त्यामुळे एकाची तयारी करताना दुसऱ्याची वाया जात नाही.