नर्सिंगमधे रिफ्लेक्टिव्ह जर्नल (ड्यूटीवरच्या अनुभवांवर विचार करून लिहिलेली डायरी) लिहून पेशंटची बाजू मांडायला खरंच मदत होते का?

होते, पण असाइनमेंट म्हणून नुसती पानं भरली तर नाही. ग्रॅहम गिब्जचं अनुभवावर विचार करायचं १९८८ चं सहा पायऱ्यांचं चक्र शिकवतात ना, त्यात सगळे 'काय वाटलं'वर रेंगाळतात आणि शेवटचा अ‍ॅक्शन प्लॅन एका ओळीत उरकतात. माझंच बघा, ऑपरेशन झालेल्या एका आजोबांनी पेन स्कोअर (० ते १० मधे किती दुखतंय तो आकडा) २ सांगितला पण हाताने कॉटची दांडी घट्ट धरलेली, मी आपला २ लिहिला आणि पुढे गेले. रात्री लिहिताना तो हात आठवला. आता खोकताना, कुशीवर वळताना किती दुखतं ते विचारते आणि डॉक्टरांना फोन केला की परिस्थिती, पार्श्वभूमी, माझं मूल्यमापन सांगून शेवटी 'तुम्ही येऊन बघा' असं स्पष्ट मागते (हेच ते एसबीएआर, या चार गोष्टींच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं). आणि हो, जर्नलमधे पेशंटचं नाव, बेड नंबर नको.